अर्जात ताप, खिशात तिकीट

प्राथमिक शाळेच्या हजेरीपटात एक आजार असा आढळतो, की ज्याची नोंद कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथात नाही. तो बहुधा शनिवारी शाळा सुटल्यावर जडतो आणि आठ दिवस टिकतो. उतरतो तेव्हा मूल अशक्त दिसण्याऐवजी उन्हाने रापलेले, ताजेतवाने, दप्तरात शंखशिंपले लपवून वर्गात येते. वडिलांच्या सहीचा अर्ज गुरुजींच्या टेबलावर आधीच पोहोचलेला असतो : ‘माझ्या पाल्यास ताप आल्यामुळे तो दिनांक अमुक ते तमुक शाळेत येऊ शकणार नाही, तरी रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’ गुरुजी अर्ज वाचतात, मुलाकडे पाहतात, शिंपल्यांकडे पाहिले नाही असे दाखवतात आणि अर्ज फायलीला लावतात. प्रकरण मिटते.

खरेच मिटते का? लहान मुलांना शाळा बुडवून सहलीला न्यावे की नेऊ नये, हा पूर्वी मुंबई-पुण्याच्या नोकरदारांचा प्रश्न समजला जाई. आता तो आमच्या बुलडाणा जिल्ह्यातही येऊन पोहोचला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या वेशीला भिडला. मेहकर आणि सिंदखेडराजा या रस्त्यावर आले. ज्या घरांत प्रवास म्हणजे शेगावचे दर्शन, सैलानीची यात्रा आणि मामाचे गाव एवढाच होता, त्या घरांतून आता गोवा, केरळ, राजस्थान ही नावे सहज ऐकू येतात. ही आनंदाची गोष्ट आहे. मुलांनी जग पाहावे, याला कोणता शहाणा माणूस नाही म्हणेल? पण जग पाहायला निघायचा दिवस आणि शाळेचा दिवस एकच आला तर काय करायचे, यावर आपण उघडपणे कधी बोललो नाही. बोललो नाही, म्हणून तापाचा शोध लागला.

या प्रश्नावर दोन तट आहेत. ‘चार दिवस शाळा बुडाली म्हणून काय आभाळ कोसळते? पहिली-दुसरीत असा कोणता अभ्यास असतो?’ असे म्हणणारा एक. आणि ‘आज सहलीसाठी बुडवाल, उद्या क्रिकेटच्या सामन्यासाठी बुडवाल, शिस्त म्हणून काही आहे की नाही?’ असे म्हणणारा दुसरा. दोन्ही तटांवर भले लोक आहेत. मला मात्र या दोघांनीही ज्या वस्तूकडे पाहिलेले नाही, तिच्याविषयी बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे हजेरीपट. उभा जन्म बँकेच्या वह्या तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण माणूस गैरहजर राहिला यापेक्षा वहीत काय लिहिले गेले, इकडे माझी नजर आधी जाते.

सुट्टी कोणाच्या सोयीची?

आधी पालकांची बाजू पाहू, कारण त्यांना उनाड ठरवणे सोपे असले तरी न्याय्य नाही. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ ग्रामीण शाखांत गेला. बँकेचे वर्ष ३१ मार्चला संपते; त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये रजेचे नाव काढायचे नसते. ती रात्र उलटली की पीककर्जाचा हंगाम सुरू. जुन्या कर्जाचा भरणा, नवे-जुने, मग खरिपाचे वाटप. मृगाच्या आत शेतकऱ्याच्या हातात पैसे पडायला हवेत, म्हणून एप्रिल ते जून शाखेच्या दारात रांग. मुलांना सुट्टी नेमकी याच दिवसांत. बँक आपल्या माणसाला सहकुटुंब प्रवासाची सवलत देते. पण ती वापरायला लागणारी रजा मिळते ती शाळा भरात असताना.

बँकेची गोष्ट सोडा. एस.टी.च्या चालकाला विचारा. दिवाळी आणि उन्हाळा हाच त्याच्या जादा गाड्यांचा काळ. पोलीस शिपायाला सणात रजा नाही. शेतकऱ्याचे तर विचारूच नका. उन्हाळ्यात नांगरट, वखरणी, शेणखत, बी-बियाण्याची धावपळ आणि वर लग्नसराई. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनची मळणी आटोपते न आटोपते तोच कापूस वेचणीला आलेला. हातात चार पैसे आणि जिवाला थोडी उसंत मिळते ती पौष-माघात, कापूस विकला गेल्यावर आणि तूर घरात आल्यावर. तेव्हा शाळेची घंटा रोज वाजत असते.

शिवाय आमचे ऊन. बुलडाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग सगळ्यांना ठाऊक आहेत. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. सहा वर्षांच्या लेकराला घेऊन त्या दिवसांत बिनआरक्षणाच्या डब्यातून निघणे म्हणजे सहल नव्हे, शिक्षा. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात त्याचे कारण हेच. २०२४ साली राज्यात शाळा १५ जूनला सुरू झाल्या, विदर्भात १ जुलैला. सुट्टीचे वेळापत्रक ऊन पाहून ठरते आणि ते योग्यच आहे. लेकरांना भाजून काढून शिकवता येत नाही. पण त्या वेळापत्रकात घराच्या कामाचा विचार नाही, हेही तितकेच खरे.

त्यातून ते वेळापत्रकही स्थिर राहत नाही. २०२५ साली राज्यभर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे ठरले. एरवी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मोकळी होणारी पहिली-दुसरीची मुले महिनाअखेरपर्यंत अडकली. विदर्भातल्या उन्हाकडे शिक्षक संघटनांनी बोट दाखवले, १ मेपर्यंत निकाल लावायचा कसा असेही विचारले. आणि ज्यांचे गावी जाण्याचे बेत आधीच ठरले होते ते पालक हात चोळत बसले. सरकार आपल्या सोयीने तारीख पुढे नेते तेव्हा तिला नियोजन म्हणतात. पालकाने आपल्या सोयीने चार दिवस मागितले तर ती बेशिस्त ठरते. हा भेद पालकांच्या मनात सलतो, आणि तो अगदीच निराधार नाही.

गुरुजींची बाजू

आता खडूच्या बाजूने पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापनाचे बंधन घातले. म्हणजे लहान वर्गांत दिवसाला सरासरी ४ तास. आठवडाभराची, पाच दिवसांची सहल म्हणजे २० तास गेले. टक्केवारीत ते अडीच टक्के होतात. अडीच टक्के म्हटले की बँकवाल्यालाही ते किरकोळ वाटतात.

पण शिक्षण हे सरळव्याजाचे खाते नाही. ज्या आठवड्यात गुरुजी हातच्याची वजाबाकी शिकवतात, तोच आठवडा मुलाने कन्याकुमारीला घालवला, तर परत आल्यावर त्याच्यापुढे भागाकार येतो आणि त्याला खालची पायरी सापडत नाही. जोडाक्षरांचेही तसेच. मार्च २०२० नंतर शाळा बंद पडल्या, त्या काळात दुसरी-तिसरीतली मुले शिकलेली अक्षरेसुद्धा विसरली, हे खेडोपाडीच्या प्रत्येक शिक्षकाने डोळ्यांनी पाहिले आहे. ‘पहिली-दुसरीत असतो काय अभ्यास?’ असे म्हणणाऱ्यांनी ते आठवावे. चौथीतले बुडालेले भूगोलाचे पान घरी वाचून काढता येते. पहिलीतले बुडालेले अक्षर पुढे प्रत्येक पानावर आडवे येते.

शिवाय आमच्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा दोन शिक्षकी आहेत. दोन गुरुजी आणि चार-पाच वर्ग. गुरुजी एका वर्गाला शुद्धलेखन घालून दुसऱ्याला पाढे म्हणायला लावतात. त्यातून निवडणुकीची कामे, प्रशिक्षणे, माहिती भरण्याचे तगादे. अशा वर्गातली चार मुले एका आठवड्यात गेली आणि दुसरी चार पुढच्या आठवड्यात, तर तोच धडा तीनदा शिकवावा लागतो; आणि जी बारा मुले रोज येतात, त्यांनी तो तीनदा ऐकायचा. ज्याने शाळा बुडवली त्याचा खर्च जो रोज येतो त्याच्या खात्यातून वळता होतो. सहलीला जाणाऱ्या पालकाच्या हे ध्यानीमनीही नसते. त्याला आपले मूल दिसते. गुरुजींना वर्ग दिसतो.

दंड, रुपया आणि तीन दिवस

बाहेरच्या जगाने या प्रश्नाचे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये २०१३ साली नियम बदलून कौटुंबिक सहलीसाठी रजा देण्याची मुख्याध्यापकांची मुभा जवळजवळ काढून घेण्यात आली. जॉन प्लॅट नावाच्या गृहस्थाने २०१५ च्या एप्रिलमध्ये मुलीला शाळेच्या दिवसांत अमेरिकेतल्या डिस्नेच्या नगरीत नेले. शाळेने परवानगी नाकारली होती. दंड झाला, तो त्याने भरला नाही आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलगी एरवी नियमित शाळेत जाते, हा त्याचा मुद्दा होता. ६ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की नियमित म्हणजे शाळेने घालून दिलेल्या नियमांनुसार. बहुतेक दिवस गेली म्हणून भागत नाही. प्लॅट हरला. ऑगस्ट २०२४ पासून तिकडे हा दंड ८० पौंड आहे, आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६० पौंड.

जर्मनीत शाळेची सक्ती याहून कडक. बव्हेरिया प्रांतातील विमानतळांवर २०१८ च्या मे महिन्यात, सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवसांत, पोलिसांनी शाळकरी मुले घेऊन निघालेली वीसेक कुटुंबे हेरली होती. सुट्टी लागली की विमानाची तिकिटे महागतात, म्हणून दोन दिवस आधी निघण्याचा मोह तिकडच्या पालकांनाही होतो.

आमच्या महाराष्ट्राने उलटा रस्ता धरला. गैरहजेरीला दंड नाही. उलट दुर्बल घटकांतील मुली शाळेत याव्यात म्हणून १९९२ साली पहिली ते चौथीसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला : हजेरीच्या दिवसाला १ रुपया. तीस वर्षे उलटली तरी तो रुपयाचा रुपयाच राहिला, हा भाग वेगळा. पण त्यामागची दृष्टी मला ८० पौंडांपेक्षा मोठी वाटते. गरिबाच्या घरी मुलगी शाळेत जाते म्हणजे दोन हात कामावरून कमी होतात, हे त्या रुपयाने निदान मान्य केले होते. शिक्षण हक्क कायद्यानेही मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले, पण न पाळणाऱ्याला शिक्षा सांगितली नाही. आपल्या देशात ते शहाणपणाचे होते. नाहीतर पहिला दंड ऊसतोड मजुराला झाला असता आणि विमानाने गोव्याला जाणारा तापाचा अर्ज देऊन सुटला असता.

तिसरा मार्ग जपानमधील आइची प्रांताने काढला. टोयोटा कंपनीचे मुख्यालय याच प्रांतात. कारखाने आणि दुकानदारीत राबणाऱ्या आईबापांची रजा आणि मुलांची सुट्टी यांचा मेळ बसत नाही, हे तिथल्या प्रशासनाच्या लक्षात आले. २०२३ साली त्यांनी ठरवले, की वर्षातून तीन दिवसांपर्यंत मुलाने शाळेला आधी कळवून आईवडिलांबरोबर काही पाहायला, शिकायला बाहेर जावे. ते दिवस गैरहजेरीत धरले जाणार नाहीत. तीनच दिवस, आधी सांगून, खरे कारण देऊन. मला या योजनेतले तीन दिवस महत्त्वाचे वाटत नाहीत. ‘खरे कारण देऊन’ हे महत्त्वाचे वाटते.

खोट्या नोंदीचा भुर्दंड

हे मला का महत्त्वाचे वाटते, त्यासाठी एक अनुभव सांगतो. १९९६-९७ च्या सुमारास मी घाटावरच्या एका शाखेत होतो. मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत. जानेवारीत रजा मंजूर झाली आणि दोनदा गाड्या बदलून कन्याकुमारीला जायचे ठरले. मी शाळेला अर्ज लिहिला : सहकुटुंब प्रवासाला जात आहोत, सहा दिवस शाळा बुडेल, बुडालेला अभ्यास करून घेऊ. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘‘साहेब, असं लिहून आणलं तर मला नाहीच म्हणावं लागते. लेकरं आजारी हायेत म्हणून लिहा ना, मी आत्ता सही करतो.’’

नियमात आजारपणाला जागा होती, प्रवासाला नव्हती. म्हणून तो सज्जन गृहस्थ मला मदत म्हणून खोटे सुचवत होता. मी अर्ज बदलला नाही. त्यात शौर्य काही नव्हते. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या खोट्या नोंदी शोधण्याचा पगार घेणाऱ्याला स्वतःच्या हाताने तशी नोंद करणे जड गेले, इतकेच. हजेरीपटात सहा दिवस ‘विनापरवानगी गैरहजर’ असे शेरे पडले. पण त्यामुळे एक गोष्ट घडली. मुलगी परत आली तेव्हा तिला काही लपवायचे नव्हते. घाटावर रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी आगगाडी पाहिलेली नव्हती. तिच्या बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावून डबे, पूल, बोगदा काढायला लावले आणि त्या निमित्ताने वर्गाला नकाशावर मलकापूर ते कन्याकुमारी बोट फिरवायला लावले. सहा दिवस एका मुलीचे गेले होते. त्यातला एक तास सगळ्या वर्गाला परत मिळाला.

अर्जात ताप लिहिला असता तर हा तास मिळाला नसता. तापाने आजारी असलेली मुलगी समुद्राचे वर्णन कसे करणार? तिला घरूनच ताकीद असते : ‘शाळेत काही बोलू नकोस हं.’ प्रवासाने मुलांची दृष्टी रुंदावते, असे आपण म्हणतो. मग पाहिलेले सगळे गिळून गप्प बसायला शिकवतो. आणि आठ वर्षांचे पोर त्या प्रवासात तीन गोष्टी एकदम शिकते. बाबा लेखी खोटे लिहितात. गुरुजींना ते माहीत असते. आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. हा धडा हातच्याच्या वजाबाकीपेक्षा पक्का बसतो, आणि पुढे तो नोकरीत खोट्या वैद्यकीय दाखल्यांच्या आणि प्रवासाच्या बनावट बिलांच्या रूपाने बाहेर येतो. मी असे दाखले आणि अशी बिले पुष्कळ पाहिली आहेत. ती देणारे चोर नव्हते. ‘असेच करायचे असते’ हे त्यांना लहानपणीच कळलेले होते.

बँकेत सस्पेन्स खाते नावाचा एक प्रकार असतो. एखादी रक्कम आली आणि ती कोणत्या खात्यात धरायची हे ठरले नाही, तर ती तात्पुरती तिथे ठेवतात. त्यात कमीपणा काही नाही. ‘याचा निर्णय बाकी आहे’ ही प्रामाणिक कबुली असते. गुन्हा होतो तो अशी रक्कम भलत्याच्या नावावर टाकली तर. आपल्या हजेरीपटात असे एक घर नाही. हजर, गैरहजर, आजारी. मग जे या तिन्हीत बसत नाही ते आजारीत कोंबले जाते.

दुसरी गैरहजेरी

आणि आता त्या मुलांविषयी, ज्यांच्याबद्दल ‘सहलीला न्यावे का’ असा वाद कधीच होत नाही. दिवाळीच्या पुढे-मागे लोणार, सिंदखेडराजाकडच्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परत यायचे नाही. मागे सांभाळायला आजी असली तर ठीक, नाहीतर लेकरे ट्रकमध्ये बसतात. ती येतात मार्च-एप्रिलमध्ये. पाच महिने. ढोबळ हिशेबाने शाळेचे शंभर दिवस, चारशे तास. म्हणजे कायद्याने वर्षाचे जेवढे तास सांगितले त्याच्या निम्मे. गोव्याला गेलेल्याचे अडीच टक्के, याचे पन्नास.

शासनाने उपाय केलेले नाहीत असे नाही. मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. पण या दोन्ही गोष्टी मिळण्यासाठी आधी कुठेतरी लिहिले जावे लागते, की हे मूल आईबापांबरोबर अमुक तारखेला गाव सोडून गेले. घोडे तिथेच पेंड खाते. पट कमी झाला की शिक्षकांची मंजूर पदे कमी होतात. त्यामुळे ट्रकमध्ये बसून गेलेले मूल काही ठिकाणी हजेरीपटात वर्गातच बसलेले असते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले किती मोठ्या संख्येने निघाली, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

एका मुलाला तापाच्या खोट्या नोंदीने आडोसा दिला. दुसऱ्याला हजेरीच्या खोट्या नोंदीने पुसून टाकले. पहिल्याच्या बाबतीत खोटे बोलणे त्याच्या सोयीचे, दुसऱ्याच्या बाबतीत ते इतरांच्या सोयीचे. पण दोन्ही खोट्या नोंदी एकाच वहीत, एकाच पेनाने होतात. ज्या गावात प्रतिष्ठितांच्या मुलांचा खोटा ताप चालवून घेतला जातो, तिथल्या गुरुजींना ‘तांड्यावरच्या मुलाची खोटी हजेरी लावू नका’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

करता येण्यासारखे

उपाय फार लांबचा नाही. शिक्षण खाते दरवर्षी सुट्ट्यांचे परिपत्रक काढते. वर्षातल्या एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त होऊ नयेत, अशी त्यात मर्यादा असते. त्याच परिपत्रकात असेही म्हटलेले असते, की उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून त्याऐवजी गणेशोत्सव, नाताळ यांसारख्या प्रसंगी ती देता येईल. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. विदर्भात उन्हाळा कापता येणार नाही, हे उघड आहे. पण दिवाळीतले चार दिवस वाचवून पौष-माघात, शेतकऱ्याच्या हातात कापसाचे पैसे असताना, एक छोटी सुट्टी देता येईल का, याचा विचार जिल्ह्याने करायला काय हरकत आहे? १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवासाठी लोटणारी गर्दी आणि माघात शेगावच्या प्रकट दिनाला चालत जाणारी कुटुंबे पाहिली, की आपल्या भागाची सहलीची खरी वेळ कोणती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे, हजेरीपटात एक घर वाढवावे : ‘पालकांसोबत प्रवास’. वर्षाला तीन, फार तर चार दिवस. आधी अर्ज, खरे कारण, परीक्षेच्या आठवड्यात नाही. पहिलीच्या आरंभीच्या महिन्यांत तर नाहीच. तेव्हा अक्षर बसत असते. चार दिवसांच्या पुढे गेले तर सरळ गैरहजर लिहावे आणि पालकांनीही तक्रार करू नये. बुडालेले सोळा तास भरून काढण्याची जबाबदारी घराची. जो पालक केरळच्या सहलीचा खर्च करू शकतो, तो दोन रविवार मुलाजवळ वही घेऊन बसू शकतो. आणि परत आल्यावर मुलाने वर्गाला काहीतरी द्यायचे : एक नकाशा, एक तिकीट, नव्या भाषेतले दहा आकडे. ज्या बारा मुलांना तोच धडा पुन्हा ऐकावा लागला, त्यांचे एवढे देणे लागतोच आपण.

तिसरे, याच वहीत ‘पालकांसोबत स्थलांतर’ असेही घर असावे, आणि ते भरले म्हणून कोणत्याही शाळेचा पट किंवा शिक्षक कमी होऊ नये. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा होणार असेल तर खरे कोण लिहील? ते घर भरले की हमी पत्रक हातात पडले पाहिजे, हंगामी वसतिगृहाची ताटे त्या आकड्यावरून लागली पाहिजेत.

आणि ज्यांना यातले काहीच परवडत नाही, त्यांच्या मुलांची सहल शाळेनेच काढायची. एस.टी. शाळेच्या सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. त्यासाठी केरळ लागत नाही. लोणारचे विवर आपल्याच जिल्ह्यात आहे; सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेला हा खळगा पाहायला जगातून माणसे येतात. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर गवगवा झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रामसर यादीत त्याचे नाव गेले. तरी घाटाखालच्या कितीतरी मुलांनी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिले आहे. तशीच घाटावरची कितीतरी मुले आगगाडी न पाहता मोठी होतात. एका दिवसात जाऊन परत येण्याचे अंतर. ही दोन दर्शने ज्या जिल्ह्याने आपल्या प्रत्येक मुलाला चौथीच्या आत घडवली, त्या जिल्ह्यातल्या वर्गात कोणाच्या केरळचा हेवा कोणाला वाटणार नाही.

मुलांनी शाळा बुडवावी, असे माझे म्हणणे नाही. क्वचित बुडाली तर ती खऱ्या कारणाने बुडाली असे लिहिता यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. वही खरी असली की हिशेब पुढे-मागे लागतो. चार दिवसांचा लागतो आणि पाच महिन्यांचाही लावण्याची आशा राहते. येत्या जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतील तेव्हा नवे हजेरीपट येतील. त्यात ही दोन घरे लाल रेघेने आखून घ्यायला कोणत्याही मुख्याध्यापकाला पट्टी आणि पाच मिनिटे पुरतील. बाकीच्या परवानग्या मागून आल्या तरी चालतील.